धर्मादायाचा हिशेब मागणे हा द्रोह नव्हे

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर शाळेच्याच आवारात अत्याचार झाला. तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकलगाड्या बंद पडल्या. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. चर्चा फाशीची झाली, चकमकीची झाली, निवडणुकीच्या राजकारणाची झाली. मात्र एक साधा प्रश्न या गदारोळात मागे पडला. ही शाळा चालविते कोण, चालविणाऱ्यांना त्या खुर्चीवर बसविले कोणी, आणि ते आपले कर्तव्य बजावीत आहेत की नाही हे पाहण्याचे काम कायद्याने कोणावर सोपविले आहे?

संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांना उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, त्यांना अटक झाली आणि मग जामीनही मिळाला. घटना कळूनही ती पोलिसांना कळविली नाही, असा त्यांच्यावरील आरोप आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु जानेवारी २०२६ मध्ये यांपैकीच एका पदाधिकाऱ्यास कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत स्वीकृत नगरसेवक म्हणून बसविण्यात आले आणि लोकांनी ओरड केल्यावरच त्यास राजीनामा द्यावा लागला. खटला उभा असलेल्या माणसाला सन्मानाने सभागृहात नेण्याचे धैर्य सत्ताधाऱ्यांना कोठून आले? ते धैर्य एका जुन्या समजुतीतून येते. संस्थाचालक म्हणजे उपकारकर्ता, आणि उपकारकर्त्यास जाब विचारायचा नसतो, ही ती समजूत. प्रस्तुत लेख या समजुतीविरुद्ध आहे.

दान कोणाचे, धन कोणाचे?

संस्थेविरुद्ध कोणी तक्रार करू लागला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. 'ही माणसे स्वतःच्या खिशाला खार लावून समाजाचे काम करतात. तुम्ही कोण विचारणारे?' हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे. सार्वजनिक न्यासाकडे जे धन जमते त्याचे प्रवाह साधारणतः तीन. पहिला देणगीदारांचा. ती रक्कम न्यासाच्या तिजोरीत पडली की देणाऱ्याची राहत नाही आणि विश्वस्ताची तर ती कधीच नव्हती. दुसरा प्रवाह शासनाचा. सवलतीच्या दराने भूखंड, शाळेला अनुदान, रुग्णालयाला वाढीव चटईक्षेत्र, वीज-पाण्यातील सूट. तिसरा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असते आणि तिला देणगी देणाऱ्यालाही करात सूट मिळते. अर्थशास्त्रात करमाफी आणि अनुदान या एकाच नाण्याच्या दोन बाजू मानल्या जातात. जो कर संस्थेने भरला नाही तो उरलेल्या समाजाने भरलेला असतो. अंबरनाथच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार साबण विकत घेतो आणि त्यावर वस्तू व सेवा कर देतो, तेव्हा शहरातील प्रत्येक करमुक्त संस्थेच्या खर्चात त्याचा वाटा पडतो. म्हणून तो विचारणारा कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. तो भागीदार आहे.

येथे बाजाराची शिस्तही उपयोगी पडत नाही. किराणा दुकानदाराने वजनात मारले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. धर्मादायात पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसराच असतो. देणाऱ्याला सेवा कशी मिळाली हे कळत नाही, घेणाऱ्याला आपण याचक आहोत असे वाटत असल्याने तो बोलत नाही. या दोन मौनांच्या मधोमध विश्वस्त बसलेला असतो. म्हणूनच या क्षेत्रावर देखरेख करणारी, दोघांच्या वतीने प्रश्न विचारणारी सार्वजनिक यंत्रणा लागते.

आपल्याकडे हा विचार परका नाही. अंबरनाथचे शिवमंदिर ज्या शिलाहारांच्या काळात उभे राहिले त्या काळी दान ताम्रपटावर कोरून दिले जाई. गाव कोणते, सीमा कोणत्या, दान घेणारा कोण, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असे. दान ही उघड्यावर करावयाची गोष्ट होती. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी दक्षिणा फंडाचा काही पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा असा अर्ज केला, तेव्हा त्यांना धर्मबुडवे म्हटले गेले. आज आपण त्यांना मराठी गद्याचे पुरस्कर्ते म्हणतो. गांधीजींनी आत्मकथेत सार्वजनिक संस्थेने चोख हिशेब ठेवावा आणि कायमस्वरूपी निधीवर विसंबून लोकांपासून दूर जाऊ नये, असा आग्रह धरला. 'विश्वस्त' हा शब्द त्यांनी धनिकांसाठी वापरला तो मालकीहक्काचा त्याग सुचविण्यासाठी. आज तोच शब्द मालकीवर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो, हे त्या शब्दाचे दुर्दैव.

कायदा आहे, धार नाही

बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात १९५० साली मुंबई सार्वजनिक न्यास कायदा झाला. सर्व धर्मांच्या न्यासांना एकच कायदा, प्रत्येकाची नोंदणी, प्रत्येकाचा तपासलेला हिशेब आणि वर धर्मादाय आयुक्त, अशी ही रचना होती. धर्मस्वातंत्र्यावर घाला म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आली. १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात न्यायालयाने काही कलमे रद्द केली खरी, पण नोंदणी आणि हिशेबतपासणी यांच्या तरतुदी उचलून धरल्या. धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य वेगळे आणि धर्माच्या नावावर जमलेल्या मालमत्तेचा कारभार वेगळा, हा भेद तेव्हाच स्पष्ट झाला. आज हा कायदा महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो.

त्यातील अधिकार लहान नाहीत. न्यासाच्या लेखापरीक्षकावर कलम ३४ अन्वये अनियमितता कळविण्याचे बंधन आहे. कलम ३६ प्रमाणे आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. कलम ३७ तपासणीचे, कलम ४१-अ निदेश देण्याचे, कलम ४१-ब चौकशीचे. कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येते, पदावरून दूर करता येते. हिशेब सतत न देणे, कर्तव्यात सतत हयगय करणे, मालमत्तेचा अपहार करणे, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होणे ही त्याची कारणे आहेत. यांपैकी चौकशी आणि पदच्युती हे दोन्ही अधिकार आयुक्तांना स्वतःहून वापरता येतात. 'आमच्याकडे तक्रारच आली नाही' हे उत्तर म्हणूनच कायद्याला धरून नाही.

मग धार बोथट झाली कोठे? प्रथम तक्रारदाराच्या पात्रतेत. बहुतेक तरतुदींचे दार 'हितसंबंधित व्यक्ती'साठी उघडे आहे. संस्थेचा सभासद, देवळाचा भक्त, न्यासाचा लाभार्थी हे त्यात येतात. परंतु विद्यार्थ्याचा बाप लाभार्थी की नाही, रुग्णालयाच्या दारातून परत पाठविलेला रुग्ण लाभार्थी की नाही, यावर विश्वस्तांचे वकील महिनेच्या महिने युक्तिवाद करू शकतात. ज्याला दारातूनच हाकलले त्याचा दाराशी संबंध नाही, असे म्हणण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा अडथळा खटल्याचा. या कायद्याखालील गुन्ह्याबद्दल फिर्याद करावयाची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे नियंत्रकाने डोळे मिटले तर नागरिकाने उघडे ठेवूनही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, पूर्वमंजुरी न घेता झालेल्या मिळकतीच्या हस्तांतरणास 'अपवादात्मक व असाधारण' परिस्थितीत मागाहून मंजुरी देण्याची सोय करण्यात आली. अटी आहेत, न्यासाच्या हिताची भाषा आहे. पण जमिनीचा बाजार ज्या भागात पेटलेला आहे तेथे या सोयीचा अर्थ काय होतो? आधी विका, इमारत उठू द्या, सदनिका विकल्या जाऊ द्या, मग रहिवाशांच्या अडचणीकडे बोट दाखवून मंजुरी मागा. उल्हासनगरातील अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी २००६ साली जे घडले ते ज्यांना आठवते त्यांना हे तर्कशास्त्र ओळखीचे वाटेल. पूर्वपरवानगीच्या कायद्यात पश्चात्परवानगी घुसली की पहिलीला अर्थ उरत नाही.

या तीन शहरांतच का?

उल्हासनगर हे निर्वासितांनी उभे केलेले शहर. लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनी पहिल्या काही वर्षांतच शाळा काढल्या, दवाखाने काढले, देवळे व दरबार उभे केले. १९४९ मध्ये शहराला नाव मिळाले तेव्हा सरकारने दिलेल्या सोयींपेक्षा लोकांनी आपसांत केलेली मदत मोठी होती. अंबरनाथला १९५३ पासून आयुधनिर्माणी, त्याही आधीपासून रसायनांचे कारखाने. तेथील कामगार वस्त्यांत वाचनालये आणि शिक्षणसंस्था वर्गणीतून निघाल्या. या परंपरेबद्दल आदरच आहे आणि तो राखण्यासाठीच हे लिहिणे आहे.

परंतु गेल्या तीस वर्षांत चित्र पालटले. बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि तेव्हापासून वाढतच राहिली. मुंबईत ज्यांना खोली परवडत नाही ती कुटुंबे येथे आली. पहाटेची गाडी पकडून गेलेले आईबाप रात्री परततात. त्यांच्या मुलांसाठी नगरपरिषदेने पुरेशा शाळा काढल्या नाहीत, शासनाने पुरेशी रुग्णालये बांधली नाहीत. ही पोकळी न्यासांनी भरली. सेवेच्या भावनेने भरली तशीच नफ्याच्या हिशेबानेही भरली. मोकळ्या भूखंडावर प्रथम फलक, मग मंडप, मग पत्र्याचे छप्पर आणि शेवटी नोंदणी क्रमांक, हा क्रम या पट्ट्यातील रहिवाशांना सांगावा लागत नाही. विश्वस्तांत बिल्डर, त्याचा मेहुणा, नगरसेवक आणि नगरसेवकाची पत्नी असली की त्या न्यासाची शाळा म्हणजे सेवाही असते, मतपेढीही असते आणि जमिनीवरील ताबाही असतो.

अशा शाळेतील पालकाची स्थिती काय? शासनाने दुसरा पर्याय ठेवलेला नाही. मुलाचे नाव काढले तर वर्ष जाईल. शिपाई आणि शिक्षिका कंत्राटावर, त्यांनी तोंड उघडले तर नोकरी जाईल. व्यवस्थापनाला प्रश्न विचारणारा कोणीच आतमध्ये उरत नाही, तेव्हा सुरक्षेचे कॅमेरे चालतात की नाही, मुलींच्या स्वच्छतागृहापाशी स्त्री-कर्मचारी आहे की नाही, कर्मचाऱ्याची नेमणूक करताना चौकशी झाली की नाही, हे सारे रामभरोसे राहते. धर्मादाय आयुक्त हे काही शाळेचे पहारेकरी नव्हेत. शिक्षणाधिकारी आहेत, पोलीस आहेत, त्यांची जबाबदारी स्वतंत्र आहे. पण हयगय करणारा विश्वस्त पदावर राहतो की जातो हे ठरविणारी यंत्रणा तीच आहे. बदलापूरचा धडा एवढाच की, हिशेबात बेफिकीर असलेली संस्था मुलांच्या जिवाबाबत दक्ष असेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. न विचारले जाण्याची सवय जडली की ती एका खात्यापुरती राहत नाही.

विचारले की फरक पडतो

रुग्णालयांचे उदाहरण घ्या. कलम ४१-अअ प्रमाणे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. हे कलम वीस वर्षे बव्हंशी कागदावर राहिले. ते खाली उतरले जनहित याचिकेमुळे. उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ साली लागू झाली आणि रुग्णालयांना बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकणे भाग पडले. तरीही मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात एका गर्भवती स्त्रीकडे दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, दुसरीकडे जुळ्या मुलींना जन्म देऊन ती दगावली, आणि मग चौकशी समित्या बसल्या. ते कुटुंब राजकीय वर्तुळातील होते म्हणून राज्याला कळले. उल्हासनगर कॅम्पातील हातगाडीवाल्याच्या घरी असे घडले असते तर?

दुसरे उदाहरण जमिनीचे. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीस २०२५ मध्ये धर्मादाय आयुक्तांची मंजुरी मिळाली होती. वसतिगृहाचे आजी-माजी विद्यार्थी आणि समाजातील सामान्य माणसे उठली, मोर्चे निघाले. ऑक्टोबरमध्ये आयुक्तांनी 'जैसे थे'चा आदेश दिला, खरेदीदाराने माघार घेतली आणि महिनाअखेरीस मंजुरी रद्द झाली. कायदा एप्रिलमध्ये होता तोच ऑक्टोबरमध्ये होता. बदलले ते एवढेच की लोक विचारू लागले.

आक्षेपांचा विचार

आपल्याच गोटातून येणारे दोन आक्षेप मात्र गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला असा की, धर्मादाय कार्यालयातील तक्रारी म्हणजे बहुधा गटबाजी. विश्वस्तांचे दोन तट पडतात, बदल अर्जावर वर्षानुवर्षे भांडतात, आणि संस्था मरते. हे खरे आहे. परंतु त्याचे कारण असे की, तक्रारीचे दार आतल्यांसाठीच मोकळे ठेवले आहे. खुर्चीसाठी भांडणाऱ्यांना कार्यालय ऐकते आणि सेवेसाठी भांडणाऱ्यांना पात्रता विचारते. बाहेरच्या लाभार्थ्याला आत घेतले तर भांडणाचा विषयच खुर्चीवरून कामाकडे वळेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शासनाच्या हातात संस्थांवरचे हत्यार देऊ नका, ते आपल्यावरच चालेल. परदेशी देणगी नियमन कायद्याचा अनुभव समोर आहे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, दिल्लीतील एकाच बँक-शाखेत खाते उघडण्याची सक्ती झाली, आणि सत्तेला नकोशा संस्थांचे परवाने गेले. ही भीती अनाठायी नाही. पण त्या कायद्यात निर्णय गृहमंत्रालयाच्या बंद दाराआड होतो. आपण मागतो ते याच्या उलट आहे: उघडी सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, अपिलाचा हक्क आणि सर्वांना एकच माप. सत्तेच्या लहरीवर चालणारे नियंत्रण आणि नागरिकांच्या तक्रारीवर चालणारे नियंत्रण यांत भेद न करणे म्हणजे पोलिसी राज्याच्या भीतीने न्यायालयच नको म्हणण्यासारखे आहे. शिवाय हिशेब स्वच्छ असणे हेच छळाविरुद्ध संस्थेचे पहिले कवच असते.

काय करावयाचे?

मागण्या स्पष्ट असाव्यात. विद्यार्थ्यांचे पालक, रुग्ण, संस्थेचे कर्मचारी आणि त्या परिसरातील रहिवासी यांना 'हितसंबंधित व्यक्ती' मानणारी दुरुस्ती व्हावी. पश्चात मंजुरीची २०१७ ची तरतूद रद्द व्हावी. तक्रारीवर ठराविक मुदतीत कारणांसह आदेश देण्याचे बंधन यावे आणि त्यासाठी पुरेसे निरीक्षक नेमले जावेत. शाळा व रुग्णालय चालविणाऱ्या प्रत्येक न्यासाने वार्षिक ताळेबंद, विश्वस्तांची नावे आणि विश्वस्तांच्या नातलगांना दिलेली कंत्राटे दर्शनी भागात, लोकांना कळेल अशा भाषेत लावावीत. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यास कामावरून काढता येऊ नये.

पण मागण्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आज आहे तो कायदाही पुष्कळ देतो. ठाण्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात न्यासाची नोंद, विश्वस्तांची नावे आणि दाखल केलेले हिशेब यांच्या प्रती रीतसर अर्ज करून आणि फी भरून मागता येतात, माहितीचा अधिकार आहेच. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील पाच न्यास निवडावेत. त्यांचे तीन वर्षांचे ताळेबंद मिळवावेत. हिशेब दाखल झाले आहेत का, नोंदीतील विश्वस्त आज हयात आहेत का, नोंदीतील भूखंड जागेवर आहे का, उद्दिष्टावर किती खर्च झाला आणि 'व्यवस्थापना'वर किती, एवढे चार प्रश्न जरी विचारले तरी चित्र उभे राहते. तक्रार लिहिताना विशेषणे गाळावीत, कागद जोडावेत आणि पोच घ्यावी. ऐकीव गोष्टीवर कोणाचे नाव घेऊ नये. बिनबुडाची एक तक्रार दहा खऱ्या तक्रारींचे तोंड बंद करते.

आणि या पाच न्यासांतील पहिला आपल्या चळवळीतला असावा. समाजवादी विचारांच्या माणसांनी या राज्यात असंख्य वसतिगृहे, शाळा, वाचनालये आणि प्रकाशनसंस्था उभ्या केल्या आहेत. त्यांची सर्वसाधारण सभा वेळेवर होते का, तरुण सभासद घेतले जातात का, ताळेबंद फलकावर लागतो का, हे प्रथम पाहावे. आपले घर झाकून शेजाऱ्याच्या घराची झडती घेणाऱ्याला शेजारी दारात उभे करीत नाही, आणि ते योग्यच आहे.

बदलापूरच्या रुळांवर उतरलेल्या लोकांची हेटाळणी झाली, त्यांच्यावर लाठ्या पडल्या, गुन्हे दाखल झाले. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कधी सरकारी कार्यालयात तक्रारअर्ज दिला नसेल, कारण अर्जाने काही होते असा अनुभवच त्यांना व्यवस्थेने दिलेला नाही. संताप एक दिवस गाडी अडवू शकतो. विश्वस्ताला दर वर्षी हिशेब द्यावयास लावणारे काम संतापाने होत नाही. ते चिकाटीचे, कंटाळवाणे, कागदपत्रांचे काम आहे आणि ते करण्यासाठीच पक्षाचे कार्यकर्ते असतात.